बेखबरीची सवलत

पवित्र कुरआनच्या सत्ताविसाव्या सूरहचे नावच 'नम्ल', म्हणजे मुंगी. तिच्यातली कथा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. हजरत सुलेमान (अ.) यांची फौज निघाली आहे. फौजेत माणसे आहेत, जिन्न आहेत, पक्षी आहेत. फौज मुंग्यांच्या खोऱ्यापाशी येते तेव्हा एक मुंगी बाकीच्यांना सावध करते. आपापल्या घरात शिरायला सांगते, नाहीतर हे लष्कर आपल्याला चिरडून टाकील म्हणते. एवढे बोलून ती थांबत नाही. शेवटी एक छोटी पुस्ती जोडते: चिरडतील खरे, पण त्यांना त्याची जाणीवही नसेल.

वाझ करणारे मौलवी या ठिकाणी बहुधा सुलेमानांच्या हसण्यावर आणि त्यानंतरच्या दुआवर बोलतात. मला मात्र ती पुस्ती कितीतरी वर्षे सोडायला तयार नाही. मरण समोर उभे आहे आणि ही इवलीशी मखलूक मारणाऱ्याची बाजू मांडून ठेवते आहे. ती त्यांना जालिम म्हणत नाही. त्यांना माहीत नसेल, म्हणते. एका अर्थाने ती फौजेला सवलत देते, बेखबरीची सवलत. पण ही सवलत किती काळ चालते? ज्याला कळत नव्हते त्याला ती मिळावी हे मान्य. ज्याला कळू शकले असते पण त्याने कान दिला नाही, त्याला मिळावी का? आणि ज्याला एकदा कळले, त्याचे काय?

कथेतच एक माणूस असा आहे की ज्याला ती सवलत लागू होत नाही. सुलेमानांनी मुंगीचे बोलणे ऐकले. ते हसले आणि त्यांनी अल्लाहकडे मागितले ते शुक्र अदा करण्याचे आणि नेक काम करण्याचे बळ. ऐकू येण्याच्या देणगीने त्यांचे ओझे वाढवले होते, हे त्यांना क्षणात उमगले असावे असे मला वाटते. फौजेतल्या शिपायाला असे काही मागण्याची गरज पडली नाही. त्याला काही ऐकूच आले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. पुण्याच्या पूर्व भागात उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. आमची विज्ञानाची पुस्तके याच शहरात, बालभारतीत तयार होतात. ध्वनीच्या धड्यात कंपनाला 'इर्तिआश' म्हणतात. शब्द अवघड वाटतो, पण मुले त्याच्या बहिणीला ओळखतात. म्हातारपणी दादीचा हात थरथरतो त्याला घरात 'रअशा' म्हणतात, तो शब्द त्याच मुळातला. तर हा धडा चालू असताना दीनियातच्या तासाला मुंगीची कथा ऐकून आलेल्या एका मुलाने विचारले, "टीचर, च्युंटी का मुँह तो है, आवाज किधर है?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक, तो मोजिजा होता, प्रश्न विचारू नकोस. दुसरे उत्तर अलीकडे फार चालते: विज्ञानाने आज जे शोधले ते आपल्याकडे आधीच लिहिलेले होते. मला दोन्ही उत्तरे नकोशी वाटतात. पहिले मुलाचे डोके बंद करते. दुसरे कुरआनला प्रयोगशाळेच्या दाखल्याच्या रांगेत उभे करते, आणि उद्या प्रयोगाचा निष्कर्ष बदलला की काय करायचे ते सांगत नाही. आयत मुंगीच्या अवयवांविषयी काही सांगत नाही. ती ऐकण्याविषयी सांगते. अवयवांचे काम विज्ञानाच्या तासाला करावे, आणि ते करण्यासारखे आहे.

वर्गातला जुना प्रयोग सगळ्यांना ठाऊक असेल. लाकडी बाकाच्या एका टोकाला पेन्सिलीने हलकेच टकटक करायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. हवेतून जे जेमतेम ऐकू येते ते लाकडातून ठसठशीत येते. मोबाइल 'व्हायब्रेट'वर ठेवून मशिदीच्या फरशीवर ठेवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. त्यांना वाटते की आवाज बंद केला, आणि तिकडे शेजारच्या नमाजीच्या कपाळाला सजद्यात तो फोन जाणवतो.

किड्यामुंग्यांचे जग हे त्या फरशीचे जग आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. हवेत आवाज दूरवर फेकायचा तर आवाजाच्या लहरीच्या मानाने अंग फार लहान असून चालत नाही. सेकंदाला दोनशे कंपनांच्या स्वराची हवेतली लहर पावणेदोन मीटरच्या आसपास असते. भाताच्या खोडावरचा तपकिरी तुडतुडा असतो चार-पाच मिलिमीटरचा. त्याने हवेत कितीही दम लावला तरी तो फुकट जाणार. पण तोच तुडतुडा पोट हलवून खोडालाच थरथर देतो, आणि ती थरथर खोडातून, पानांतून, शेजारच्या टेकलेल्या रोपापर्यंत पोहोचते. नर-मादी एकमेकांना अशीच शोधतात. मावळात, भोरात भाताच्या खाचरांच्या बांधावरून आपण जातो तेव्हा आपल्याला शांतता वाटते, पण पायाशी रोपारोपांतून निरोपांची ये-जा चाललेली असते. हे कळायला त्यांना आपल्यासारखा कान लागत नाही. पुष्कळ कीटकांच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली, कंपने ओळखणारा एक नाजूक अवयव असतो. ते पायाने ऐकतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कॉक्रॉफ्ट आणि रॉड्रिगेझ या संशोधकांनी २००५ साली अंदाज बांधला की निदान एक लाख पंच्याण्णव हजार जातींचे कीटक अशा कंपनांनी एकमेकांशी व्यवहार करतात. रातकिड्यासारखे हवेत गाणारे, ज्यांना आपण 'आवाज करणारे किडे' म्हणून ओळखतो, ते त्या मानाने थोडेच.

मुंगीचे म्हणाल तर तिच्या कमरेशी एक वाद्य असते. कमरेच्या एका भागाची कड आणि पोटाच्या पहिल्या भागावरच्या बारीक, ओळीने मांडलेल्या रेघा. पोट वरखाली केले की कड त्या रेघांवर घासते. कंगव्यावरून नख फिरवल्यासारखे. आपल्या घरात साखरेला लागणाऱ्या बारीक मुंग्या ज्या मोठ्या कुळातल्या आहेत, त्या कुळातल्या बऱ्याच जातींत हे वाद्य आढळते. हवेतून येणारा आवाज मुंगीला फारसा कळत नाही. जमिनीतली थरथर मात्र चटकन कळते.

हुबर्ट मार्कल या जर्मन शास्त्रज्ञाने अमेरिका खंडातल्या पानकाप्या मुंग्यांविषयी १९६५ साली जे प्रसिद्ध केले ते वाचल्यापासून माझ्या मनात ही कथा नव्याने घोळू लागली. वारुळाची माती ढासळून मुंगी गाडली गेली की ती पोट घासू लागते. मातीतून ती थरथर वरच्या मुंग्यांच्या पायांना कळते आणि त्या नेमक्या त्या जागी उकरायला लागतात. मातीखालून कोणी हाक मारतो आहे आणि वरचे धावत आहेत. वर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही ऐकू येत नाही. त्याच्या बुटाखालीच ते चालले असले तरी.

जाता जाता एक गंमत. आयतीत मुंगीसाठी आलेले क्रियापद अरबीत स्त्रीलिंगी आहे. त्यावरून ती मादी होती असा निष्कर्ष तरुण इमाम अबू हनीफा यांनी काढल्याचा किस्सा तफसीरच्या जुन्या ग्रंथांत येतो. व्याकरणकारांनी त्यावर हरकतीही घेतल्या, आणि त्या चुकीच्या नव्हत्या. पण आपल्या मराठीचे काय? आपण बारकीला 'मुंगी' म्हणतो आणि मोठ्या काळ्याला 'मुंगळा' म्हणून पुरुष करून टाकतो. अंगणात धावणारे ते मुंगळेही सगळ्या कामकरी माद्याच असतात. कष्ट करणारी बाई आकाराने मोठी दिसली की भाषेने तिला बाप्या ठरवले, इतकेच.

मुंगीपेक्षा मधमाशीविषयी पुण्याला जास्त माहिती असायला हवी. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आपल्या महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. कुरआनात मधमाशीच्या नावाचीही सूरह आहे, आणि तिथे मधमाशीला मिळणाऱ्या प्रेरणेसाठी जो शब्द आहे तो 'वह्य' याच धातूतला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण पोळ्यात काय चालते?

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात पोळे बांधते. फुलांचा पत्ता घेऊन आलेली माशी तिथे नाचते. कार्ल फॉन फ्रिश यांनी तो नाच उलगडला आणि १९७३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. नाचाची दिशा म्हणजे फुलांची दिशा. पोट हलवत ती जितका वेळ सरळ चालते तितके ते ठिकाण लांब. (या माणसाची एक हकीकत सांगायला हवी. १९४१ साली नाझी सरकारने त्यांना त्यांच्या आजीच्या वंशावरून 'पाव ज्यू' ठरवले आणि नोकरीवरून काढायचे ठरवले. ते वाचले ते मधमाश्यांमुळे. तेव्हा तिकडे मधमाश्यांत नोसेमाची साथ पसरली होती आणि सरकारला त्यांची गरज होती. नाच उलगडण्याचे मोठे काम त्यांनी त्याच वर्षांत केले.) पण अंधारात नाच दिसणार कसा? तो दिसत नाही, जाणवतो. युर्गेन टाउट्झ यांनी १९९६ मध्ये दाखवले की उघड्या, रिकाम्या घरांवर झालेला नाच, मेणाने बंद केलेल्या घरांवर झालेल्या नाचापेक्षा सुमारे तिप्पट माश्यांना कामाला लावतो. उघड्या घरांच्या कडा थरथर पुढे नेतात. म्हणजे पोळे हे मधाचे कोठार तर आहेच, शिवाय निरोपाची तारही आहे.

त्यातही बोलींचा प्रकार आहे. आपल्याकडच्या सातेरी, फुलोरी आणि आग्या या तीन माश्यांवर दक्षिण भारतात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तेच अंतर सांगायला सातेरी जास्त वेळ नाचते, आग्या कमी. सातेरीचा वावर जवळपासचा, आग्याचा लांबचा, म्हणून मोजपट्टीच वेगळी. घरी दखनी, वर्गात उर्दू, रिक्षात मराठी बोलणाऱ्या माझ्या मुलांना हे समजावून सांगायला वेळ लागला नाही. अंतर तेच, सांगण्याचे माप वेगळे.

आणि धोक्याचा इशाराही आहे. ज्या फुलावर हल्ला झाला, त्या फुलाचा पत्ता कोणी नाचून सांगत असेल, तर मार खाऊन आलेली माशी तिला डोक्याने ढुसणी देते आणि क्षणभराची थरथर सोडते: थांब. ही गोष्ट २०१० मध्ये नीट पुढे आली. सातेरीच्या जातभाईंवर चीनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या कामात तर असे दिसले की गांधीलमाशी केवढी आहे त्याप्रमाणे त्या थरथरीचा सूरही बदलतो. फौज आली आहे, घरात शिरा.

वाळवीविषयी थोडक्यात. वाळवीच्या काही जातींतले सैनिक धोका दिसला की डोके जमिनीवर आपटतात. ती टकटक ऐकून पुढचा सैनिक डोके आपटतो, त्याचे ऐकून त्याच्या पुढचा. चौकीचौकीवरून नौबत पोहोचावी तशी बातमी बोगद्यांतून जाते. सुलेमानांच्या कथेच्या दुसऱ्या टोकाला हीच वाळवी उभी आहे हे ध्यानात घ्या. त्यांचा इंतकाल झाला तरी देह काठीच्या आधाराने उभाच होता. जिन्न राबतच राहिले. जमिनीतल्या एका किड्याने काठी पोखरली तेव्हा कुठे त्यांना कळले. वैभवाच्या ऐन दिवसांत मुंगी आणि शेवटी वाळवी. गैबचे ज्ञान असल्याची घमेंड करणारे जिन्न मधल्या काळात बेखबर.

इथे विचारी वाचक मला अडवील, आणि अडवावेच. थरथर म्हणजे बोलणे आहे का? दाराची बेलही वाजते, तिला काही दुखत नसते. मुंगी पोट घासते ते तिच्या अंगाच्या घडणीने घासते. त्यात हाक कुठून आली, ती तर आम्ही ऐकणाऱ्यांनी घातली. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. मुंगीला भीती वाटते की नाही हे मी सांगू शकत नाही. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्ये म्हटले होते की प्राण्यांच्या बाबतीत प्रश्न त्यांना बोलता येते का हा नसून त्यांना सोसावे लागते का हा आहे. कीटकांच्या बाबतीत हा प्रश्न अजून उघडा आहे. पण मुंगीच्या पुस्तीने मला विचारलेला प्रश्न मुंगीच्या मनाविषयी नाहीच. तो फौजेच्या मनाविषयी आहे. तिच्या आत काय चालते हे मला कळले नाही तरी माझ्या आत काय चालते ते मला तपासता येते.

आपल्या फिकहमध्ये यासाठी एक जुने माप आहे. जाणूनबुजून केलेली हत्या वेगळी आणि 'कत्ले-खता', म्हणजे चुकून झालेली हत्या वेगळी. चुकून झाली तर तो हेतुपुरस्सर गुन्हेगार ठरत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. दियत द्यायची असते, कफ्फारा द्यायचा असतो. ते न जमल्यास सलग दोन महिने रोजे ठेवायचे असतात. हा कायदा माणसांचा आहे, तो मुंग्यांना लावा असे मी म्हणत नाही. मला त्यातला विचार मोलाचा वाटतो. नकळत घडले म्हणून माझ्या कपाळी खुनी हा शिक्का बसत नाही, मात्र जे गेले त्याचे देणे माझ्याकडे उरतेच. आपण रोजच्या बोलण्यात या दोन गोष्टी एक करून टाकतो. 'मला माहीत नव्हते' म्हटले की हिशेब मिटला असे समजतो.

मग माणसाने पाऊलच टाकायचे नाही का? पुण्यात जैन मुनी चातुर्मासात विहार थांबवून एका जागी राहतात. पावसात जमीन जिवंत झालेली असते, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे हाजी इहराम बांधतो तेव्हा शिकार करू शकत नाही, आणि अंगावरची ऊ मारतानाही त्याचा हात अडखळतो. वर्षाचे काही दिवस, आयुष्यातले काही दिवस माणूस पायाखाली पाहून चालतो. बाकीचे दिवस त्याला शेत नांगरायचे असते, पाया खणायचा असतो, पिठाचा डबा मुंग्यांपासून वाचवायचा असतो. त्रासदायक जीव मारायला आपल्या शरीअतने मनाई केलेली नाही. हदीसमध्ये एका जुन्या नबींची गोष्ट येते. त्यांना एक मुंगी चावली तेव्हा त्यांनी सगळे वारूळ जाळायला सांगितले, आणि अल्लाहकडून त्यांना विचारणा झाली. चावली एक, जाळली एक अख्खी उम्मत, तीही तसबीह करणारी. आक्षेप एका चावऱ्या मुंगीच्या मरणाला नव्हता. बाकीच्या वारुळाकडे न पाहण्याला होता.

ही न पाहण्याची गोष्ट वाटते तितकी साधी नसते. ऐकू न येणे वेगळे, ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करणे वेगळे. पुण्यातल्या एका हाउसिंग सोसायटीत माझे नातेवाईक राहतात. तिथे सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या माश्यांनी मोहोळ केले होते. रस्त्यावरून दिसे: गांधीलमाशी जवळ आली की माश्यांच्या त्या काळ्या पडद्यावरून एकदम लाट सळसळत जायची. आग्या माश्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, आणि लहान मुलांच्या आईला मी 'राहू दे' असे कोणत्या तोंडाने सांगू? पण हंगाम संपला की या माश्या पोळे सोडून निघून जातात, हेही खरे. पोळे न मारता हलवणारी माणसेही आता शहरात मिळतात. सोसायटीने चौकशी केली नाही. रात्री दोन वाजता माणसे बोलावली, धूर आणि फवारा झाला. सकाळी वॉचमन खराट्याने ढीग गोळा करत होता. नंतर त्याविषयी बोलताना लोकांच्या तोंडी एक वाक्य समाधानाने येत होते: रात्री उरकले, कोणाला कळलेही नाही. मुंगीने फौजेसाठी जी सवलत ठेवली होती ती इथे माणसांनी स्वतःच स्वतःला, ठरवून, रात्री दोनची वेळ काढून दिली होती.

आपल्या अशा अंकांत आपण एक तक्रार पुन्हा पुन्हा लिहितो, मीही लिहिली आहे. आमचे कोणी ऐकत नाही. मोहल्ल्यातले पाणी, उर्दू शाळांतल्या रिकाम्या जागा, पोराला भाड्याने न मिळणारे घर. तक्रार खरी आहे. पण जो आपल्याला बेखबर राहून चिरडतो त्याची बेखबरी आपण निरागस मानत नाही. 'त्याला कळत नव्हते' एवढ्यावर आपण त्याला सोडत नाही, 'त्याने विचारायला हवे होते' म्हणतो. मग तेच माप आपल्या पायाखाली लावताना हात आखडतो का? आणि पायाखाली फक्त मुंग्या असतात असेही नाही. घरात जिचा आवाज हवेतून येत नाही, जी भांड्यांच्या आपटण्यातून आणि दाराच्या कडीतून बोलते, तिचे ऐकायला आपण पाय कधी जमिनीला लावतो? इथे जास्त बोलत नाही. ज्यांना समजायचे त्यांना समजेल.

मात्र ऐकू आले म्हणजे भले झाले, अशीही माझी समजूत नाही. युरोपात एक निळे फुलपाखरू आहे. त्याची अळी मुंग्यांच्या वारुळात राहून वाढते. तिला मुंग्यांच्या राणीच्या थरथरीची नक्कल येते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. कामकरी मुंग्या तिला राणीचा मान देतात, आणि अन्न कमी पडले तर स्वतःची पिले मारून तिला भरवतात. दुसऱ्याची भाषा येणे हे प्रेमाचेच लक्षण असते असे कोणी समजू नये.

माणसानेही तेच केले आहे. इटलीच्या उत्तरेला त्रेंतो भागात द्राक्षबागांत एक तुडतुडा वेलींचा रोग पसरवतो. तो खोडातल्या थरथरीने जोडीदार शोधतो. तिथल्या संशोधकांनी २०१७ पासून एका बागेत तारांना कंपन देणारी छोटी यंत्रे जोडली. वेलींतून सतत गोंगाट चालू राहतो, नर-मादीला एकमेकांचा निरोप कळत नाही, पुढची पिढी कमी होते. विष फवारावे लागत नाही. मधमाशी वाचते, माती वाचते, द्राक्षे खाणारे मूल वाचते. नारायणगाव, जुन्नरच्या द्राक्षबागांत किती फवारण्या होतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. आपल्याकडे मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कधीतरी इथेही असे काही येईल.

हे मी दहावीच्या वर्गात सांगितले आणि मुलांचे मत विचारले. मला वाटले होते की सगळे खूश होतील. वर्ग दुभंगला. एका मुलीने सांगितले की हे मारण्यापेक्षा चांगले, हात स्वच्छ राहतात. तिच्या मागच्या बाकावरून उत्तर आले की हात स्वच्छ राहतात म्हणूनच भीती वाटते, यात तर कोणी मेल्याचे दिसतही नाही. ज्याच्या मामूंचा मार्केट यार्डात द्राक्षांचा गाळा आहे त्याने माल किती टक्के वाचतो ते विचारले. मला आकडा माहीत नव्हता. मग तो पहिला प्रश्नवाला मुलगा, जो आता दहावीत आला आहे, उभा राहिला. सुलेमान अलैहिस्सलाम यांना मुंगीची बोली येत होती, तर त्यांनी तिच्याशी खोटे बोलून सगळ्या मुंग्यांना दुसरीकडे पाठवले असते तर ते चालले असते का, असे त्याने विचारले. म्हणजे मुंग्या वाचल्या असत्या, फौजेची वाटही मोकळी झाली असती.

वर्गात बराच वेळ वाद चालला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा बाक हलले, आणि मागच्या दोघी अजून बाकाला कान लावून टकटक करून पाहत होत्या.